घराला भोंगा नसतो

अम्मा विड्या वळायला बसायची ती जागा आमच्या खोलीत उंबऱ्याला लागून होती. उजेड तिथेच यायचा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका हाताला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, दुसऱ्या हाताला कात्री आणि पत्र्याचा साचा. सोलापूरच्या पूर्व भागात असे उंबरे गल्लीभर दिसतात. दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या तर पानं पहाटेच कापून ठेवायची, स्वयंपाक उरकून वळायला बसायचं, आणि रात्री पोरं झोपली की राहिलेल्या विड्यांची तोंडं बंद करत बसायचं. तिचं काम किती वाजता सुरू होतं आणि किती वाजता संपतं, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तिलाही नसतं.

मी आता पुण्यात धायरीला राहते आणि एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागायच्या आधीच आम्हाला लॅपटॉप देऊन घरी पाठवलं, तेव्हापासून माझं बरंचसं काम घरूनच चालतं. हल्ली आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, बाकीचे तीन दिवस जेवणाचं टेबल. गुडघे कामातून गेल्यापासून अम्मा माझ्याकडेच असते. मला घरून काम करता येतं म्हणूनच तिला इकडे आणता आलं. तेव्हा आधीच सांगून टाकते, घरून काम करायची सोय जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. ती टिकावी आणि माणसंही टिकावीत, एवढ्यासाठी हे लिहितेय.

घरून काम करताना तब्येत कशी सांभाळावी आणि काम कसं चोख व्हावं, यावर सल्ल्यांना तोटा नाही. लवकर उठा, आंघोळ करून बाहेर जायचे कपडे घाला, कामाची जागा ठरवून घ्या, तासातासाने उठा, पाणी प्या, फोन बाजूला ठेवा. यातलं बहुतेक मी करून पाहिलं आहे आणि काही गोष्टींचा खरोखर गुण येतो. दुसऱ्या वर्षी माझा उजवा खांदा इतका धरला की वेणी घालता येईना. फिजिओथेरपिस्टने खांद्याला हात लावायच्या आधी विचारलं, ‘टेबल केवढं उंच आहे आणि लॅपटॉप कशावर ठेवता?’ मग तिने समजावून सांगितलं. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे हात योग्य उंचीवर असले की मान वाकते, आणि पडदा डोळ्यांसमोर आणला की खांदे वर चढतात. दोन्ही एकदम नीट ठेवणं त्या यंत्रावर शक्यच नाही. प्रवासात तासभर वापरायची ती वस्तू, आम्ही तिच्यावर दिवसाचे दहा तास घालवत होतो. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेतला, लॅपटॉपखाली चार जाडजूड पुस्तकं ठेवली, पाय टेकायला एक पाट घेतला. दोन महिन्यांत खांदा मोकळा झाला. डोळ्यांचंही तसंच. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर वीसेक मिनिटांनी खिडकीतून समोरच्या टेकडीकडे बघितलं की बरं वाटतं. सकाळी कामाला बसण्याआधी मी सोसायटीभोवती तीन फेऱ्या मारते, जणू ऑफिसलाच निघाले. दुपारचं जेवण अम्मासोबत, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवून. हे सगळं कुणीही उद्यापासून करावं, त्याला फारसा खर्च नाही.

पण या सल्ल्यांमध्ये मला एक गोष्ट खटकते, आणि जितकी वर्षं जात आहेत तितकी जास्त खटकते आहे. ते सगळे एकाच माणसाला केलेले असतात. घरी बसलेल्या, एकट्या कर्मचाऱ्याला. तू उठ, तू चाल, तू ठरव, तू थांब. पहिल्या तीन गोष्टी माझ्या हातात आहेत. चौथी नाही. रात्री पावणेनऊला भाकरी तव्यावर असताना फोन वाजतो आणि टीम लीड म्हणतो, ‘दहा मिनिटं जॉइन हो फक्त,’ तेव्हा माझी शिस्त काय करणार? न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. तिकडे हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की साडेसात. त्यांची सकाळ आमची रात्र खाते, आणि आमची सकाळ तर आमच्याच ऑफिसची असते.

हिंजवडीला रोज जात होते तेव्हाही काम कमी नव्हतं. पण सव्वासहाला कंपनीची बस सुटायची. सहा वाजले की लोक बॅगा आवरायला लागायचे, चाललेली मीटिंगसुद्धा आटोपती घेतली जायची. ‘माझी बस आहे’ हे वाक्य मॅनेजरलाही मान्य असायचं, त्यात कुणाचा आळस दिसत नसे. रात्री कुणाला थांबवायचंच असेल तर कंपनीला घरी सोडायला गाडी द्यावी लागायची, जेवण मागवावं लागायचं. म्हणजे माझा एक जास्तीचा तास घ्यायला कंपनीला काहीतरी मोजावं लागत होतं. मी घरी आले आणि तो खर्च शून्यावर आला. वीज माझी, इंटरनेट माझं, खुर्ची माझी, चहा माझा. आणि ज्या गोष्टीला काही लागत नाही ती मागताना कुणी विचार करत नाही. माझे मॅनेजर वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यावरही वरून कॉल येत होते, त्यांचीही बस गेली होती.

आपल्याकडे हे एकदा घडून गेलं आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. मागण्या अगदी साध्या होत्या. आठवड्यातून रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि गिरणी सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावी. शेवटच्या मागणीपाशी मी नेहमी थांबते. त्या माणसांनी कामाचा शेवट सूर्यावर सोपवला होता, कारण अंधारात माग चालवता येत नसे. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. पण १९०५ च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा अर्थच गेला. कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले. त्यावर संप झाले, दंगेही झाले. पुरुष कामगारांना बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. पुढे १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४, १९४६ मध्ये ४८ आणि दिवसाला नऊ. दिव्यापासून आठ-नऊ तासांच्या दिवसापर्यंत यायला चाळीस वर्षं लागली, आणि त्यातला एकही तास कुणाच्या स्वयंशिस्तीने कमी झालेला नाही. दिवे आले तेव्हा कामगारांना ‘वेळेचं नियोजन करा’ असं सांगून भागलं नसतं.

लॅपटॉप आणि घरचं इंटरनेट हे आमचे विजेचे दिवे आहेत. सूर्यास्त होता तो त्या बसचा.

आणि हे काही नुसत्या थकव्याचं प्रकरण नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. एका वर्षात, २०१६ मध्ये, अशा लांबलेल्या कामाच्या तासांशी जोडता येणारे मृत्यू त्यांनी ७ लाख ४५ हजार मोजले. पाठ दुखली तर खुर्ची बदलता येते. रक्तदाबावर उपाय खुर्चीत नाही.

‘पण घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता वाढते, हे सिद्ध झालं आहे’ असं आमच्याकडे हमखास सांगितलं जातं. ते बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणून मी तो प्रयोग नीट वाचला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये तो केला. नऊ महिने काही कर्मचारी घरून, काही ऑफिसातून. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. मोठी गोष्ट आहे. पण त्या १३ टक्क्यांची फोड केली तर त्यातले सुमारे ९ टक्के पाळीत जास्त मिनिटं काम केल्यामुळे आले होते. मधल्या विश्रांत्या घटल्या, आजारपणाच्या रजा घटल्या. दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे आलेली वाढ जेमतेम ४ टक्के. म्हणजे माणसं अधिक हुशारीने कामं करत होती त्यापेक्षा अधिक वेळ खुर्चीवर बसत होती. प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितलं तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले जवळपास निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्यामागचं मोठं कारण होतं.

त्या प्रयोगात भाग घेण्याची एक अट माझ्या मनात घर करून राहिली आहे. घरी स्वतंत्र खोली हवी.

घरातल्या जागेची अशी अट आपल्याकडेही एका संस्थेने फार पूर्वीपासून लावली आहे, आणि ती आयटी कंपनी नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. तिथल्या बहिणी भिजवलेलं पीठ केंद्रातून घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून देतात. नवी बाई कामाला येते तेव्हा तिचं घर स्वच्छ आहे का, पापड वाळवायला पुरेशी जागा आहे का, ते बघतात. जागा नसेल तर तिला परत पाठवत नाहीत. पीठ मळायचं, पापड तपासायचे, पुडे बांधायचे, असं केंद्रातलं काम तिला मिळतं. घर हेच कामाचं ठिकाण होणार असेल तर ते घर कामाला पुरतं का हे विचारलं पाहिजे, आणि पुरत नसेल तर दुसरी सोय केली पाहिजे, एवढी साधी गोष्ट पापड लाटणाऱ्या बायकांना कळली होती. मला गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्या कंपनीने इंटरनेटचा वेग तीनदा विचारला. घरात खोल्या किती आणि माणसं किती, हे कधीच विचारलं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ३७ टक्के कुटुंबांकडे एकच खोली होती. तुम्ही ज्या खोलीत झोपता, जेवता, मुलांचा अभ्यास घेता, तिथे ‘कामाचा कोपरा वेगळा ठेवा’ हा सल्ला कसा पाळणार? आम्ही विडीचं सूप ठेवायलाही भिंतीतला कोनाडा वापरायचो.

घरात दोन खोल्या असल्या तरी कुणाला कुठली मिळते तेही बघितलं पाहिजे. आमच्याकडे दरवाजा लागणारी खोली नवऱ्याला मिळाली. ठरवून नाही, भांडण होऊनही नाही. त्याची मीटिंग म्हणजे मीटिंग, माझी मीटिंग म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजत केलेलं बोलणं, हे आपोआपच होत गेलं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. जवळजवळ पाच तास. ऑफिसला जाताना त्या पाच तासांतले काही दुसऱ्यांवर पडायचे, कारण मी घरात नसायचे. घरी असले की दूधवाला, गॅसवाला, शाळेचा ग्रुप, अम्माची औषधं, सगळ्यांना मीच दिसते. मी हे नवऱ्याला मोकळेपणाने सांगितलं आणि आता आम्ही खोली आठवड्याआड बदलतो, दुपारचा स्वयंपाक तो करतो. पण दोन वर्षं आणि एक खांदा गेल्यावर ते सुचलं. आणि सगळ्यांच्या घरी सांगून ऐकणारा माणूस असतोच असं नाही.

अम्माला माझं काम नीट कळावं म्हणून एकदा सांगितलं की लोकांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका मी शोधून काढते. ती लगेच म्हणाली, ‘म्हणजे तू छाट काढतेस.’ कारखान्यात विड्या तपासून खराब म्हणून बाजूला काढतात त्याला छाट म्हणतात. छाट म्हणून काढलेल्या विडीची मजुरी मिळत नाही, आणि पान-तंबाखूचा हिशेब बाईच्या अंगावर येतो. मग तिने विचारलं, ‘आणि तुझ्या कामाची छाट किती धरतात? तिथे नियम काय आहे?’

या प्रश्नाने मला आमच्या कामाकडे नव्याने बघायला लावलं. विड्यांना नियम होता. १९६६ मध्ये संसदेने विडी आणि सिगार कामगारांचा कायदा केला आणि घरी बसून वळणाऱ्या बायकांनाही कामगार मानलं. त्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत मालकाने साधारणपणे ५ टक्क्यांहून जास्त छाट काढू नये असं लिहिलं गेलं. मालकांनी आव्हान दिलं, १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि तो नियम दोन्ही उचलून धरले. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधी आला. १९८५ मध्ये प्रॉव्हिडंट फंडाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मालकांचं म्हणणं, या बायका त्यांच्या घरात बसतात, हव्या तेव्हा काम करतात, आमची त्यांच्यावर देखरेख नाही, मग त्या आमच्या कामगार कशा? न्यायालयाने उत्तर दिलं की माल तपासून नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, तीच देखरेख झाली, आणि म्हणून घरी काम करणारी बाई ही कामगारच आहे, फंड तिलाही लागू आहे. अम्माला तो फंड मिळाला. माझ्या बारावीच्या वर्षाला विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती होती. सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या संघटनेने तर पुढे जाऊन घरंच मागितली, आणि कुंभारीला १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. जिचं घर हाच कारखाना आहे, तिला घर मिळणं हा कामगारांचाच प्रश्न आहे, हे त्या बायकांनी सरकारला पटवून दिलं.

या कायद्याने सगळं बरं झालं असं मी सांगणार नाही. मजुरी नगावर राहिली, म्हणून तासांना मर्यादा कधी आलीच नाही. अम्माची मान आणि बोटं त्यात गेली, तंबाखूच्या धुळीने धरलेला खोकला अजून आहे. जे मुळातच माणसाला घातक आहे ते बनवण्यात तिचं आयुष्य गेलं, याचं दुःख मला आहेच. पण एक गोष्ट त्या कायद्याने कायमची सिद्ध करून ठेवली. उंबऱ्याच्या आत चाललेल्या कामापर्यंत कायदा पोचू शकतो. ‘घरात कसं बघणार?’ ही सबब साठ वर्षांपूर्वीच निकालात निघाली आहे.

लॅपटॉपवाल्यांसाठी आपल्या कायद्यात आज काय आहे? फार थोडं. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणेत २६ आठवड्यांच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, दोघांच्या संमतीने घरून काम करता येईल असं म्हटलं आहे. २०२० च्या अखेरीस केंद्राने सेवाक्षेत्रासाठी नमुना स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नियमावलीचा, मसुदा काढला, त्यात मालक घरून काम करू देऊ शकतो एवढं एक वाक्य आहे. २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी नियम आला, त्यात किती टक्के लोकांना आणि किती काळ परवानगी द्यायची ते सांगितलं. परवानगीचा विचार झाला, माणसाच्या तासांचा आणि पाठीचा राहून गेला. २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, लोकसभेत मांडलं. पण स्वातंत्र्यानंतर आजवर खासगी विधेयकांतून कायदे झाले ते फक्त १४, शेवटचा १९७० मध्ये. हा विषय सरकारनेच हातात घ्यायला हवा. प्रत्यक्षात वारं उलट्या दिशेने वाहतं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मान्यता दिली. लोखंड्यांच्या महाराष्ट्रात हे घडावं याचं मला फार वाईट वाटतं.

बाहेर काय झालं तेही बघू. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलून नियम ठरवावे लागतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये आणखी नेमकं केलं. तिथे ‘डिस्कनेक्ट’ होण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर टाकलीच नाही, मालकाने विश्रांतीच्या वेळेत संपर्क करायचा नाही असं सांगितलं, आणि घरून काम केल्यामुळे वाढलेला विजेचा-इंटरनेटचा खर्च मालकाने द्यायचा असं ठरवलं. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून वेळेबाहेरच्या कॉलला उत्तर न देण्याचा हक्क आहे, मात्र नकार अवाजवी नसावा. घरी राहून मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्येच करार केला, त्यासाठी इला भट्ट यांच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने जगभर रान उठवलं होतं. ‘सेवा’ आपली, अहमदाबादची. भारताने त्या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

याला विरोध करणारे दोन मुद्दे मांडतात आणि दोन्ही मला गंभीर वाटतात. पहिला, नियम आले की लवचिकता जाईल. मला अम्माला दवाखान्यात न्यायला दुपारी दोन तास लागतात, ते मी संध्याकाळी भरून काढते, नऊ ते सहाचं कुंपण घातलं तर हे कसं जमणार? जमेल, कारण मी मागते आहे ते कुंपण मी कधी काम करावं याला नाही, मला कधी बोलवावं याला आहे. संध्याकाळी सात ते नऊ मी स्वतःहून बसले तर तो माझा निर्णय. त्याच वेळेत मला फोन करून बसवलं तर त्याचे तास मोजले पाहिजेत आणि पैसे दिले पाहिजेत. अमेरिकेच्या वेळेत काम करायचं असेल तर करू, पण मग सकाळ आमची. दोन्हीकडचे बारा तास एकाच माणसाने भरायचे हे थांबलं पाहिजे.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. कंपन्या म्हणतील, एवढी बंधनं असतील तर सगळ्यांना परत ऑफिसात बोलावतो. ही भीती मलाही वाटते, अम्माकडे बघितलं की जास्तच वाटते. पण ब्लूम यांनीच पुढे त्याच कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला दोन दिवस घरून काम दिल्यावर कामाच्या दर्जावर काही परिणाम दिसला नाही आणि सोडून जाणारे एक तृतीयांशाने घटले. अनुभवी माणूस टिकणं ही कंपनीची मोठी बचत असते, आणि ऑफिसची जागा, वीज, बस वाचते ती वेगळीच. एवढा फायदा असताना कीबोर्डचे आणि खुर्चीचे पैसे द्यावे लागतात म्हणून कुणी ही पद्धत मोडणार नाही. १९६६ नंतरही विड्या घरीच वळल्या गेल्या.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. नेमणूकपत्रात घरून कामाचे तास लिहिलेले असावेत, आणि त्याबाहेर बोलावलं तर तो जादा वेळ धरावा. टेबल, खुर्ची, वेगळा कीबोर्ड, वीज आणि इंटरनेट यांचा खर्च कंपनीने द्यावा. घरून काम करायला सांगण्याआधी जागेबद्दल विचारावं, आणि ज्याच्या घरी जागा नाही त्याला ऑफिसातली खुर्ची मागण्याचा हक्क असावा. कामाच्या वेळेत घरी झालेली इजा कामावरची इजा मानावी. आयटीतल्या लोकांनी आपण कामगार आहोत हे म्हणायला लाजू नये. लोखंड्यांना साडेपाच हजार सह्या मिळाल्या होत्या तेव्हा कामगारांकडे निरोप पाठवायला फोनसुद्धा नव्हता.

आणि एक गोष्ट नगरपालिका आणि महापालिका उद्यापासून करू शकतात. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी आपल्याकडे गावोगावी अभ्यासिका आहेत. एक हॉल, टेबलं, पंखे, वाय-फाय, पिण्याचं पाणी, आणि नाममात्र फी. तशीच एक खोली घरून काम करणाऱ्यांसाठी असावी. सोलापूरच्या पूर्व भागात आज विडीवाल्या बायकांच्या मुली फोनवर आणि जुन्या लॅपटॉपवर डेटा एंट्री करतात, क्लासचे पेपर तपासतात, कुणाचे हिशेब लिहितात. घरात एकच खोली, आई उंबऱ्याशी सूप घेऊन बसलेली, लेक भिंतीशी टेकून. माझी चुलतबहीण तशीच बसते. तिला मी कीबोर्ड पाठवला, पण तो ठेवायला टेबल नाही आणि टेबल ठेवायला जागा नाही. तिच्या गल्लीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर अशी एक कामिका हवी. सकाळी नऊला तिचं कुलूप उघडावं, आणि संध्याकाळी सात वाजता शिपायाने दिवे मालवत सगळ्यांना उठवावं.